भाकर मोडण्याचा अधिकार

माझी आत्या सुंदराबाई आढाव हिनं लग्न केलं नाही. मिशनच्या शाळेतून शिकून एकोणिसाव्या वर्षी ती बायबलबाई झाली आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून शिकवत, आजाऱ्यांची सेवा करत फिरली. एकोणनव्वद साली माझे वडील नेरूळला सिडकोच्या घरात राहायला आले, तेव्हा तीही आमच्याबरोबर आली. पन्नाशीची होती. नव्या गावात आपली माणसं कुठं कुठं आहेत ते तिनं इमारतींचे जिने चढून शोधून काढलं. चौदा घरं जमली. एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी उपासना सुरू झाली.

उपदेश तीच करायची. गाणी तीच शिकवायची. पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर मोडून वाटायची, ते काम फक्त पाळकाचं, म्हणजे दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूचं. आणि आमच्या मंडळीत पाळक पुरुषच होऊ शकत असे. त्यासाठी महिन्याच्या पहिल्या रविवारी दादरहून रेव्हरंड भालेराव यायचे. आत्या मेजावर पांढरं कापड घालायची, भाकर ठेवायची, प्याल्यात द्राक्षाचा रस ओतायची आणि मग मागं सरून खुर्चीवर बसायची. तेवढा वेळ तिचे हात मांडीवर स्वस्थ नसत. मी शेजारी बसायचे, म्हणून मला दिसायचं.

तुर्भ्याच्या दगडखाणींत तिनं पाळणाघर काढलं. खडी फोडणाऱ्या बायांची पोरं तोवर ढिगाऱ्यातच बसलेली असत. पाण्याच्या नळासाठी तिनं सहा महिने ठेकेदाराच्या दारात खेपा घातल्या. पुढं त्यातल्या काही बायका उपासनेला येऊ लागल्या आणि त्यांच्या लुगड्यांची धूळ खुर्च्यांना लागते, अशी आमच्यातल्याच दोघातिघांनी कुरकुर केली.  त्या बायांना आत्यानं पुढच्या रांगेत बसवलं. एक कुटुंब त्यानंतर यायचं बंद झालं, त्याचं तिला वाईट वाटलं, पण रांग तिनं बदलली नाही.

पुतळा नावाची बाई त्या खाणीतलीच. मूळची लातूरकडची. भालेरावांच्या हातून तिनं बाप्तिस्मा घेतला होता. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तिच्या छातीत धूळ भरली, असं डॉक्टर म्हणाले, आणि ती उठेनाशी झाली. एका बुधवारी मी आत्याबरोबर तिच्या झोपडीत गेले होते.

"बाई, मला त्यो घास पायजे," पुतळा म्हणाली. "तुमीच द्या की. समदं तुमीच शिकवलं."

आत्या उठली आणि नाक्यावरच्या पीसीओवरून तिनं दादरला फोन लावला. भालेराव वाईट माणूस नव्हते. त्यांना आठवडाभर कामं होती, रविवारी नक्की येतो म्हणाले. तोवर मी दिलं तर चालेल का, असं आत्यानं विचारलं.  मग त्यांनी नियमाची आठवण करून दिली.

आत्यानं नियम पाळला. दोन दिवस ती पुतळाच्या उशाशी बसून राहिली, तिला चमच्यानं पाणी पाजलं, स्तोत्रं म्हटली. शुक्रवारी दुपारी पुतळा गेली.

घरी येताना मी म्हणाले, "तू द्यायचं होतंस, आत्या."

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं पत्रं लिहायला घेतली. बिशपांना, चर्चच्या सभेच्या प्रत्येक सदस्याला. खाणीतल्या बायांचे अंगठे घेतले. एका अर्जावर भालेरावांनी आपण होऊन सही केली आणि सही करताना त्यांना रडू आलं. पंच्याण्णवच्या सभेत ठराव झाला. बायकांना पाळक होता येईल. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. आत्या तेव्हा छप्पन्न वर्षांची होती.

ठरावाचं पत्र तिनं दोनदा वाचलं. कुकर लावला. मग मला विचारलं, "अक्षता, तू जाशील?"

मला जायचंच होतं. ती जागा कोणाची आहे हे ठाऊक असल्यानं मी कधी बोलले नव्हते.

पुण्याला चार वर्षं शिकून, दीक्षा घेऊन मी परत आले. नव्याण्णवच्या डिसेंबरात नेरूळच्या त्याच हॉलमध्ये माझं पहिलं प्रभुभोजन होतं. आत्या कापड घालत होती. मी तिला म्हणाले, भाकर तू मोड, मी बाजूला उभी राहते, कोणी काही म्हणणार नाही. कापडाची घडी ती हातानं पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली, मला वाटलं ती हो म्हणणार.

"नको," ती म्हणाली. "असं चोरून नको. तुला दिलंय, तू कर."

ती खाणीतल्या बायांबरोबर रांगेत उभी राहिली. तिच्या तळहातावर मी तुकडा ठेवला. ती जागेवर जाऊन बसली आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

सगळे गेल्यावर मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती मेजाकडे बघत होती.

"तिथून मंडळी कशी दिसते गं?" तिनं विचारलं.

मी आठवून आठवून सांगितलं. चेहरे फारसे दिसत नाहीत, हात दिसतात. एकामागून एक, पुढं केलेले. काहींच्या बोटांना भेगा, एकीच्या हातावर ताजी मेंदी.

"आणखी?" आत्या म्हणाली.