देवकाची पाडळ

आमचे मालक मुंजाजी म्हंजे एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकत न्हाईत. जिंतूरच्या डोंगरावर आमच्या कुळीच्या देवकाची पाडळ एकच उरली होती. पैले साग, सालई, धावड्याच्या मधी पाडळी लय असायच्या. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी जनावरांसाठी त्या ओरबाडल्या. पाडळीची डहाळी मांडवात बांधल्याबिगर आमच्यात हळद लागत न्हाई, अन् औंदा वैशाखात आमच्या पोरीचं, पंचफुलाचं लगन. शेळ्यांनी तोंड लावू नये म्हणून मालकांनी पाडळीभवती वाळल्या बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं अन् गावभर मिरवलं.

चैतात मोहाची फुलं गळायला लागली. फुलं साफ जागेवर पडावी म्हणून आमी झाडाखालचा पाला जाळतो. मालकांनी पाडळीशेजारच्या मोहाखाली काडी लावली. मी म्हणलं, वारं हाय, थांबा. पर माझं ऐकतील तर मुंजाजी कसले! आग कुंपणात शिरली. आमी हिरव्या फांद्यांनी झोडपून झोडपून थकलो, पर पाडळ शेंड्यापोतर जळाली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, तसं झालं.

त्या दिवसापून हे पोरीकडं बघायचंच टाळायचे. मी लय बोलले त्यांना, मग माझंच मला वाईट वाटलं.

देवक आणायच्या दिवशी माझे दीर सटवाजी वाजंत्री घिऊन डोंगरावर आले. जळक्या बुडाशी एकच कोंब फुटला होता, बोटभर. डहाळी तोडायच्या आदी पोरीच्या बापानं झाडाला हात जोडून लगनाचं आवतन द्यायचं असतं. मालक हात जोडून हुबे राहिले, पर तोंडातून शब्द निघंना. सटवाजी म्हणले, चालवा विळा, देवकाबिगर लगन म्हंजे पोरीला बट्टा. मालकांनी विळा खाली ठिवला.

"मीच जाळली. आता कोंब बी खुडू?"

दीर रागानं निघून गेले. लगन देवकाबिगरच लागलं, अन् मांडवात बायका कुजबुजल्या.

पाठवणीच्या टायमाला मालक खाली मान घालून पोरीला म्हणले, तुझ्या मांडवात देवक न्हवतं, ते माझ्यामुळं. पंचफुलानं माझ्या कडेवर असलेल्या तिच्या तान्ह्या भावाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आबा, ह्याच्या लगनाला पाडळीला आवतन द्या. तवर जगवा."

आता रोज खांद्यावर घागर घिऊन ते डोंगर चढत्यात. मी नेते म्हणलं तर घागरीला हात लावू देत न्हाईत.