ऐकण्यातली चूक

लॉन्ड्रीच्या वर एक लांबट खोली होती. खाली दिवसभर इस्त्र्या चालायच्या, त्यामुळे वरची फरशी कायम कोमट. तिथे दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गुरुजी बाप्तिस्म्याचा वर्ग घ्यायचे. मिशनने त्यांना या देशात पाठवून दीड वर्ष झालं होतं. भाषा बोलता यायची, पण क्रियापदं अजून दगा द्यायची.

वर्गात सहा जण. पाच जण नुसती मान डोलवायचे. सहावी मात्र प्रश्न विचारायची. खालीच इस्त्री करणारी, पन्नाशीची विधवा. तिला सगळे मावशी म्हणत. गुरुजींचं वाक्य चुकलं की ती आधी वाक्य सुधारायची आणि मग शंका काढायची.

"गुरुजी, तुम्ही आत्ता देवाला बाई केलंत," असं एकदा तिने शांतपणे सांगितलं, तेव्हा वर्गातला ड्रायव्हर हसून हसून खुर्चीवरून पडायचाच राहिला. गुरुजीही हसले. खरं तर भाषा त्यांना शिकवली ती तिनेच.

एका शुक्रवारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. फळा पुसला, हात झटकले आणि पर्समधून एक छोटा फोटो काढला. एकोणीस वर्षांची तिची मुलगी. तापाने गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

"हिच्या कानावर येशूचं नावसुद्धा पडलं नव्हतं," मावशी म्हणाली. "ही आता कुठे असेल?"

पुस्तकातलं उत्तर गुरुजींना पाठ होतं: विश्वास न ठेवता मेलेल्यांना स्वर्ग नाही. ते ओठांवर आलंही. पण समोर ती बाई फोटोचा मुडपलेला कोपरा अंगठ्याने सरळ करत होती.

"ती देवाजवळ आहे, मावशी. देव एवढ्या कोत्या मनाचा नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिने फोटो आत ठेवला. "मग मी बाप्तिस्मा घेते. आजवर मन होत नव्हतं. भाऊ म्हणतोय, पाण्यात उतरलीस तर या घराची पायरी चढायची नाही."

"ऐकतील हळूहळू."

"नाही ऐकणार. मी त्याला कडेवर खेळवलंय, मला माहीत आहे."

तिचं बरोबर निघालं. पुढच्याच आठवड्यात भावजयीने तिचे कपडे दोन पिशव्यांत भरून दाराबाहेर ठेवले. भाऊ आतल्या खोलीतून बाहेरही आला नाही. मावशी लॉन्ड्रीतल्या एका मैत्रिणीकडे राहायला गेली आणि मंगळवारी वेळेवर वर्गात येऊन बसली.

बाप्तिस्म्याच्या दहा दिवस आधी मोठे पाळक परीक्षा घ्यायला आले. माणूस करडा. शिकवणीत ढिलाई दिसली म्हणून त्यांनी आदल्या वर्षी एका मिशनऱ्याला मायदेशी परत धाडलं होतं. पाच जणांनी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. ड्रायव्हरने तर दहा आज्ञांतली एक गाळून दुसरी दोनदा म्हटली, तीही खपली. मावशीला आज्ञा, विश्वासांगीकार, सगळं अचूक येत होतं. शेवटी पाळकांनी विचारलं, "विश्वास न ठेवता जे मेले, त्यांचं काय?"

"माझी मुलगी देवाजवळ आहे," मावशी म्हणाली. "गुरुजींनी सांगितलंय."

पाळक गुरुजींकडे वळले. "तुम्ही असं सांगितलंत?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "यांच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असावी. माझी भाषा अजून कच्ची आहे."

मावशीने क्षणभर गुरुजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हो," ती पाळकांना म्हणाली. "माझीच ऐकण्यात चूक झाली असेल."

पाळकांनी तिच्या नावापुढे फुली मारली. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले.

शनिवारी पाच पांढरे झगे खालच्या लॉन्ड्रीतून आले. कडक इस्त्रीचे, एकही सुरकुती नाही. रविवारी गुरुजींनी पाच जणांना पाण्यात उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या पाळकांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली, आणि ती त्यांना संध्याकाळपर्यंत पाठीवर जाणवत राहिली.

मावशी पुन्हा वर्गाला आली नाही. दोन महिने गुरुजी मागच्या जिन्याने ये-जा करत राहिले. मग त्यांनी पाळकांकडे तिच्यासाठी रदबदली केली: बाई कष्टाळू आहे, नम्र आहे, पुन्हा शिकेल. बऱ्याच विनवण्यांनंतर परवानगी मिळाली. ते तडक लॉन्ड्रीत गेले.

मावशी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती. त्यांनी बातमी सांगितली. तिने इस्त्री उभी ठेवली.

"पाळकसाहेबांना खरं काय ते सांगितलंत?"

गुरुजी इस्त्रीकडे पाहू लागले.

"मग परवानगी कशाची आणलीत?"

"मावशी, मला परत पाठवलं असतं."

"तुम्हाला परत जायला घर होतं, गुरुजी." तिचा आवाज चढला नव्हता. "बाकी जाऊ दे. एकच सांगा. माझ्या पोरीबद्दल बोललात, ते तेव्हा खोटं होतं, की तुम्ही साहेबांसमोर खोटं बोललात?"

"साहेबांसमोर."

"आता मला कसं कळणार?" ती म्हणाली.

मागे एक गिऱ्हाईक पावती हातात धरून उभं होतं. मावशीने गुरुजींना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि पावती घेतली.

गुरुजी त्या गावात आणखी चार वर्षं राहिले. त्यांचं काम चांगलं चाललं, भाषाही उत्तम झाली. मावशीने दुसऱ्या भागातल्या लॉन्ड्रीत नोकरी धरली, असं ड्रायव्हरने कधीतरी सांगितलं. पत्ता त्याला ठाऊक होता. गुरुजींनी तो विचारला नाही.