मध्यंतराची वाट

आमच्या एलरशॉच्या फुटबॉल मैदानावर मध्यंतराची शिट्टी झाली की कुणाला काही सांगावं लागत नाही. आपला संघ ज्या गोलकडे धावतो त्या गोलमागे आपण उभं राहायचं, ही इथली रीत. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, मग आपणही बदलायची. झेंडे गुंडाळायचे, चहाचा कप सांभाळायचा आणि निघायचं. समोरून पाहुण्या गावची माणसं तेच करत येतात. मोठ्या क्लबांत असलं चालत नाही, तिथे माणसाला खुर्चीला खिळवून बसवतात. आमच्याकडे अजून पाय मोकळे होते.

जायला वाट एकच. एका अंगाला लाकडी स्टँड, दुसऱ्या अंगाला मैदानाचा कठडा, मध्ये जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. प्रत्येकाने आपापल्या डावीकडून चालायचं. खांद्याला खांदा घासतो, टोमणे चालतात. "बचाव आहे का पिठाची चाळण?" "तुमच्या गोलकीपरला कुणीतरी उठवा हो!" मारामारी कधी नाही. चहा सांडला तर "सॉरी" म्हणतात, तेही दोन्हीकडून.

या वाटेवर मी बावीस वर्षं माझ्या भावाला भेटत आले.

नेव्हिल माझा सख्खा भाऊ, चार वर्षांनी मोठा. जोनशी लग्न करून आठ मैलांवरच्या ब्रॅकनफोल्डला गेला आणि तिथल्या संघाचा झाला. ते मी गिळलं असतं. पण आई गेली त्या शनिवारी हा पठ्ठ्या मॅचला होता. दफनाच्या दिवशी आला, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आलास? आज मॅच नाही वाटतं?" माझी जीभ आहेच अशी, सुटली की सुटली. तो वळला आणि गेला. त्यानंतर तो माझ्या घरी आला नाही आणि मी त्याच्या घरी गेले नाही.

पण आमच्या संघांची गाठ वर्षातून दोनदा पडायचीच, एकदा इथे, एकदा तिथे. पहिल्या वर्षी मी मान फिरवली. पुढच्या वर्षी जाता जाता तो पुटपुटला, "गुडघा कसा आहे?" मी म्हणाले, "आहे जागेवर." तेवढ्यात मागच्याने ढकललं आणि संपलं. मग दर वेळी एकेक वाक्य होत गेलं. "नात झाली." "मी नोकरी सोडली." एकदा तो म्हणाला, "जोन गेली, मार्चमध्ये." मी त्याच्या बाहीला हात लावला आणि पुढे गेले, कारण मागे दोनशे माणसं होती. खरं सांगू? थांबता येत नव्हतं, हीच आमची दोघांची सोय होती.

गेल्या सप्टेंबरात, त्यांच्या मैदानावर, तो म्हणाला, "गुरुवारी तपासणी आहे, फुप्फुसाची. पुढच्या वेळी सांगतो."

पुढच्या वेळी! म्हणजे फेब्रुवारीत. फोन करावा तर माझ्याकडे नंबर नाही, आणि विचारावा तर कुणाला? विचारलं असतं तर मिळाला असता, हेही मला कळत होतं. अकड, दुसरं काय. पाच महिने मी रोज सकाळी त्या गुरुवारचा विचार करत चहा केला.

आणि जानेवारीत स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचं पत्र आलं. सप्टेंबरच्या मॅचला कुणा गाढवाने धुराची नळकांडी फेकली होती, एकाची भुवई जळली. म्हणून यंदा दोन्ही गावचे प्रेक्षक वेगळे ठेवायचे, त्या वाटेवर मध्ये जाळी घालायची, बाजू बदलणं बंद. आमचे सेक्रेटरी डेस्मंड यांनी मला बोलावलं. मैदानावर पिवळं जॅकेट घालून व्यवस्था बघणाऱ्यांत मी सगळ्यात जुनी.

"हेझलबाई, जाळीच्या फाटकावर तुम्ही. तुमच्यापुढे कुणाची टाप आहे?"

"आणि कडी?"

"उघडायची नाही. कुणीही असो."

मी हो म्हटलं. निदान जाळीतून त्याचं तोंड तरी दिसेल.

मॅचच्या दिवशी कालव्यावरून धुकं आलं. दुपारचे तीन, पण मैदान असं झालं होतं की पलीकडचा गोल होता की नव्हता ते मनानेच ठरवावं. चेंडू दिसायचा नाही, लाथेचा आवाज यायचा, मग बऱ्याच वेळाने कुठूनतरी "अरेरे" यायचं. त्यांच्या बाजूची गाणी पाण्याखालून आल्यासारखी ऐकू येत होती. मी फाटकापाशी एकटी उभी होते आणि मला वाटत होतं, मी सातएक वर्षांची आहे, नेव्ह मला कठड्यावर बसवून चहा आणायला गेलाय आणि आता येईलच. सोडून कुठे जाणार होता तो?

मध्यंतराची शिट्टी झाली.

आणि काय सांगू, सवयीने सगळे निघाले! पत्र वाचलं होतं, फलक लावले होते, भोंग्यावरून तीनदा सांगितलं होतं. तरी आमच्या लोकांनी झेंडे गुंडाळले, कप उचलले आणि सगळे धुक्यातून चालत आले. पलीकडूनही पावलं ऐकू यायला लागली. आधी बूट दिसले, मग कप, मग चेहरे. दोन्हीकडची गर्दी जाळीला येऊन टेकली. इकडे दोनशे, तिकडे दोनशे, सगळे खुळ्यासारखे एकमेकांकडे बघत.

"आता काय करायचं हो?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"आता काय, लाल कार्ड मिळालंय, आंघोळ करून घरी जा," आमचा बर्ट ओरडला, आणि सगळे जे हसले ते हसलेच.

कुणी परत फिरेना. इतकी वर्षं जे नुसते घासून जायचे ते समोरासमोर उभे होते. माणसं बोलायला लागली. "तुमची आई बरी आहे का हो आता?" "त्या कुत्र्याचं काय झालं?" एकाने जाळीच्या वरून पॅटिस दिलं. बाहेरून बोलावलेला सुरक्षेचा माणूस हातातल्या यंत्रात कुजबुजत होता, "नाही, भांडत नाहीयेत. गप्पा मारतायत. काय करू?"

मी चेहरे शोधत होते. एकेक टोपी, एकेक मफलर. नेव्ह नव्हता. पुन्हा पहिल्यापासून बघितलं, तरी नव्हता. उगाच थांबलीस पाच महिने, मी स्वतःला म्हणाले, मूर्ख बाई.

मग गर्दी जरा हलली आणि मागून कठड्याला धरत धरत तो आला. चार पावलं, थांबा. चार पावलं, थांबा. अंगातला कोट त्याचाच होता, पण आत नेव्ह निम्माच उरला होता.

"उशीर केलास," मी म्हणाले.

"वाट लांबली गं," तो म्हणाला आणि जाळीला बोटं अडकवून दम खाऊ लागला.

माझा हात कडीवर गेला. गेले डेस्मंड आणि त्यांची ताकीद उडत.

"उघडू नकोस, हेझे."

"का? बघू कोण अडवतंय मला."

"उघडलीस तर हे सगळे चालायला लागतील. मग आपल्यालाही चालावं लागेल."

मी कडीवरचा हात काढला. पंधरा मिनिटं. इतका वेळ आम्हाला बावीस वर्षांत मिळाला नव्हता, आणि दोघांनाही बोलता येईना. एकेका वाक्याचीच सवय.

"गुरुवारचं काय झालं?" मी शेवटी विचारलं.

"वाईट. पसरलंय. सप्टेंबरच्या मॅचला मी नसणार."

मी त्याच्या बोटांवर बोटं ठेवली. गार होती.

"नेव्ह, मी त्या दिवशी बोलले ते… चुकलं माझं. चुकलं म्हणजे फार चुकलं. सगळ्यांसमोर."

"हं."

"हं काय?"

"बावीस वर्षं लागली तुला. आणि वर एक जाळी." तो हसला, मग खोकला. बराच वेळ खोकला. "मीही यायला हवं होतं गं. आईला तसं बघणं मला सोसत नव्हतं. मॅचला गेलो आणि एकदाही मैदानाकडे बघितलं नाही."

"हे आधी सांगायचंस."

"कधी? लोक ढकलायचे."

मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. पंचांची शिट्टी झाली. लोक हळूहळू पांगले, आपापल्या जुन्याच टोकांना परत गेले, संघ आता उलट्या दिशेला धावणार असला तरी. नेव्ह गेला नाही. दुसरा हाफ सुरू झाला तरी आम्ही तसेच उभे, मैदान कुठल्या दिशेला आहे हेही न बघता.

"दवाखान्यात कोण नेतं तुला?"

"टॅक्सी. दर मंगळवारी."

"टॅक्सी म्हणे! मी येते गाडी घेऊन. पत्ता सांग."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला ठाऊक नाही?"

सख्ख्या भावाचा पत्ता विचारताना मला मान वर करवेना. "कुठून असणार?"

"अगं, तुमच्या लोकांची बस दर वर्षी माझ्या दारावरून जाते. चर्च गेलं की तिसरं घर, हिरवं दार. मी खिडकीत उभा असतो. बस गेली की मगच मैदानावर निघतो."

"मला कधी दिसला नाहीस तू."

"कसा दिसणार? तू नेहमी पलीकडच्या खिडकीशी बसतेस."