परकी बटणं

धुवायला टाकलेल्या फ्रॉकच्या खिशातून मूठभर बटणं निघाली आणि आईचं डोकंच फिरलं. लोकांचे कपडे शिवण्यात तिची अर्धी हयात गेलेली. डोळे मिटून नुसतं चाचपलं तरी आपल्या डब्यातलं बटण तिला कळायचं. ही तिच्या डब्यातली नव्हती.

"कुणाची उचललीस गं?"

"उचलली नाहीत, जिंकली," चिमणी म्हणाली. "ताई वाचताना चुकल्या आणि मी पकडलं, की मला बटण मिळतं."

चिमणी दुसरीत होती आणि वाचनात मागे पडली होती. म्हणून शाळेत रोज तिला जिन्याखालच्या खोलीत वेगळ्या ताईंकडे पाठवत. त्याआधी आईने घरी शिकवून पाहिलं होतं. पण पुस्तक उघडलं की लेकीचं तोंड टाके घातल्यासारखं बंद आणि आईचा आवाज वरच्या पट्टीत. शेवटी दोघीही रडकुंडीला. आणि आता कोण कुठली ती बाई, चार बटणं देऊन पोरीला आपलंसं करत होती!

"वाचायला लागली ना? झालं तर मग," बाबा म्हणाले.

"जी स्वतःच चुकते ती काय शिकवणार, कपाळ!"

"तू ती चुकते म्हणून जळतेस, की पोर तिच्याजवळ वाचते म्हणून?"

"तुम्ही गुमान जेवा."

दुसऱ्या दिवशी आई शाळा सुटायच्या आधीच जिन्याखाली जाऊन उभी राहिली. दार अर्धवट उघडं होतं. आत ताई चटईवर पाय पसरून बसल्या होत्या.

"कोल्ह्याने पेरू तोडला आणि झाडाला दिला," ताईंनी वाचलं.

"झाडाला नाही, सशाला!" चिमणीने ओळीवर बोट आपटलं.

"मेले मी! घे बाई तुझं बटण."

मग चिमणीची पाळी आली. ती अडखळली, तशा ताई खाली बघून चटईची निघालेली काडी खोचत बसल्या. चिमणी आपणहून मागे फिरली, शब्द पुन्हा लावला आणि पुढे गेली. पोटच्या पोरीचं वाचन आई पहिल्यांदा ऐकत होती, तेही दाराआडून, चोरासारखं.

ताई बाहेर आल्या तेव्हा आई म्हणाली, "मुद्दाम चुकता तुम्ही."

"बहुतेक वेळा," ताई हसल्या. "सगळे हिच्याच चुका काढतात. हिलाही कुणाची तरी काढू द्या की!"

"बटणांना माझ्या घरी तोटा नाही."

"मग घरीही खेळा. फक्त ती अडली की जरा थांबा. ती आपली आपण सावरते."

माझी पोर आणि ही मला सांगते, आई घरी पोचेपर्यंत धुमसत होती.

संध्याकाळी तिने मशीन बाजूला सारलं, बटणांचा डबा मधे ठेवला आणि एका दमात तीन शब्द चुकीचे वाचले. चिमणीने एकही पकडला नाही.

"अगं, पकड ना!"

"तू मुद्दाम करतेस. आणि पकडलं नाही की रागावतेस. ताई नाही रागावत."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती रागारागाने भराभर पुढे वाचत सुटली. डोळे पुस्तकात होते, पण मन जिन्याखालच्या त्या चटईवर.

"थांब, थांब! एक ओळ खाल्लीस."

आईने पाहिलं. खरंच, अख्खी ओळ गेली होती. तिचे कान तापले.

"ही खरीखुरी चूक?" चिमणीने डोळे बारीक करून विचारलं.

"खरीखुरी."

"मग ती ओळ मी वाचते."

अर्ध्या ओळीत ती अडली. शब्द आईच्या जिभेवर आला होता. आईने टाचण्या खोचायच्या छोट्या उशीतून दोन टाचण्या उचलल्या आणि ओठांत धरल्या, परकर दुमडताना धरायची तशा. चिमणी मागे फिरली, पुन्हा आली, पुन्हा अडली. आईचे ओठ टाचण्यांवर घट्ट मिटलेले. मग ओळ पूर्ण झाली.

"बटण दे."

आईने डब्यात पार तळापर्यंत हात घालून ओव्हरकोटाचं भलंमोठं काळं बटण काढलं. ताईंकडून जिंकलेली बटणं चिमणीने एका डबीत ठेवली होती, ती हे बटण त्यात टाकणार, तोच आईने तिचा हात धरला.

"त्यात नको. तुला दुसरी डबी देते."

"का?"

"मोठं आहे ते. मावायचं नाही."

ते सहज मावलं असतं, हे दोघींनाही दिसत होतं. चिमणीने नवी डबी घेतली आणि पान उलटलं.