मागचं पायडल

"चार वाजता तो माणूस येतोय न्यायला," अ‍ॅलिसन म्हणाली. "त्याच्याशी वाद घालू नकोस, आई. सायकल देऊन टाक आणि मोकळी हो."

मी शेडच्या दारात उकिडवी बसून चाकात हवा भरत होते. मोकळी हो म्हणे! जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोत्यानं बटाटे सोलले, तेव्हा नाही कुणी मला मोकळी हो म्हणालं. आता गुडघे धड आहेत, डोळे धड आहेत, तर पोटच्या पोरीला माझी काळजी लागलीय.

"विकायचीय ना? मग हवा कशाला भरतेयस?"

"चार वाजायला अजून वेळ आहे," मी म्हटलं.

आमची जोडसायकल हिरवी आहे आणि हेरफर्डशर परगण्यातल्या कुठल्याही शेडमध्ये सरळ मावत नाही. दोन सीट, दोन हँडल, पायडलांच्या दोन जोड्या. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतली. तेव्हापासून पुढे राल्फ आणि मागे मी. पुढचा रस्ता बघणार, वळणार, ब्रेक दाबणार, खड्डा आला तर ओरडून सांगणार. मागचीनं फक्त पाय मारायचे. दर रविवारी असं आम्ही अख्ख्या परगण्यातल्या आडरस्त्यांनी हिंडलो, आणि समोरचा रस्ता म्हणून मी जे पाहिलं ते राल्फच्या निळ्या स्वेटरची पाठ. बाकी सगळा देश मला डावीकडचा आणि उजवीकडचा माहीत.

जोडसायकलवाल्यांना या देशात एकच विनोद ऐकवला जातो. पबबाहेर ग्लास घेऊन बसलेला कुणीतरी हात वर करतो आणि ओरडतो, "ओ साहेब, मागची बाई पायडल मारत नाहीये!" प्रत्येकाला वाटतं, हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं. राल्फ दर वेळी तितक्याच उत्साहानं ओरडायचा, "मारतेय! मला पायांत कळतं!" खरं म्हणजे बघणाऱ्याला काही कळायचा मार्गच नसतो. दोन्हीकडची पायडलं एका चेननं जोडलेली, पुढची फिरली की मागची फिरणारच. मागचा जोर लावतोय की नुसता बसलाय, ते फक्त पुढच्याच्या पायांना कळतं.

त्याआधीच्या हिवाळ्यात राल्फची नजर मधोमध पुसली गेली. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. कपाचा कान दिसायचा, कप नाही. "तुझेही कानच दिसतात," तो मला म्हणाला, "आणि ते काही बघण्यासारखे नाहीत." एवढा एक विनोद केला आणि मग तो गप्प झाला तो झालाच. दिवसभर स्वयंपाकघरात चहा थंड करत बसायचा. ते मला बघवत नव्हतं. सायकल विकली की हा त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी आत गेले. "चल, ऊठ. ऑर्लकोटला चहा प्यायला."

"चालवणार कोण?"

"मी."

"आणि मी?"

"मागे."

तो हसला, पण ते हसणं वाईट होतं. "मागे ओझंच हवं असेल तर बटाट्याचं पोतं बसव. ते बडबड तरी करणार नाही."

"बडबड तूही करत नाहीस हल्ली. आणि ऐक, मागच्याला समोर बघायचं कामच नसतं. जन्म गेलाय माझा त्या सीटवर, मला विचार. समोर दिसते ती पाठ. बघायचं ते कडेचं. तुझ्या कडा शाबूत आहेत ना? मग तुझ्या डोळ्यांच्या मापाचीच आहे ती सीट."

अ‍ॅलिसन दारातून ऐकत होती. तिचा चेहरा लाल झाला. "डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस?"

"चालवू नका म्हणाले. बसू नका नाही म्हणाले."

"आई, तू पुढचं हँडल कधी हातात तरी धरलंयस का? दोघं पडाल कुठेतरी गटारात! बाबा, तुम्ही कुठेही जाणार नाही आहात."

इथे ती चुकली. राल्फला माझं ऐकायला आवडत नाही, पण कुणी अडवलेलं तर मुळीच खपत नाही. तो भिंत चाचपत उठला. "माझं हेल्मेट कुठेय?" त्यानं विचारलं.

गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही अशा काही झोकांड्या खाल्ल्या की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. पहिला खड्डा मला दिसला, पण ओरडायचं राहिलं. मागून राल्फ किंचाळला, "जीभ चावली ना माझी! आधी सांगायचं असतं, बये!"

"मला काय ठाऊक! मी आजवर खड्डे बुडानंच ओळखलेत."

गाव संपलं. दोन्हीकडे उंच कुंपणझुडपं, पलीकडे सफरचंदाच्या बागा फुललेल्या, आणि मधून लाल मातीनं माखलेला तो अरुंद रस्ता सरळ माझ्याकडे येत होता. रस्ता असा अंगावर येतो हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं हे सगळं राल्फ एकटा बघत होता! मला त्याचा हेवा वाटला आणि रागही आला. "किती छान दिसतंय रे इथून," मी म्हटलं.

पाय मात्र भरून यायला लागले होते. सपाट रस्ता, वारा नाही, तरी सायकल जड. मला कळायला वेळ लागला.

चॅपलच्या चढणीच्या पायथ्याला 'तीन मेंढ्या' नावाचा पब आहे. बाहेर बाकावर दोघं-तिघं बसले होते. त्यातला जाडा उठून उभा राहिला. "ओ आजी! मागचे आजोबा पायडल मारत नाहीयेत!"

"मारतोय!" मी ओरडले. "मला पायांत कळतं!"

ते हसले. मी चढणीला लागले, वीसेक पावलं कशीबशी गेले आणि पाय टेकून थांबले. पब वळणाआड गेला होता.

"तू पाय मारत नाहीयेस, राल्फ."

"फिरतायत की."

"फिरतायत. मारत नाहीस. घरापासून मारलेले नाहीत."

तो खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "त्या लोकांना खोटं का सांगितलंस?"

"मग काय त्यांच्यापुढे तुझे वाभाडे काढू?"

"मीही सांगायचो खोटं," तो म्हणाला. "अ‍ॅलिसन पोटात होती त्या उन्हाळ्यात तू एकदाही जोर लावला नाहीस. नुसती बसायचीस. गाणीसुद्धा म्हणायचीस."

"तुला कळत होतं?"

"न कळायला काय झालं? प्रत्येक चढ मी एकट्यानं चढवलाय तेव्हा."

मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. राल्फचा आवाज मात्र बारीक झाला. "तुझ्या पोटात पोर होतं. मी काय कारण सांगू? डोरीन, माझा आता काय उपयोग आहे?"

"उपयोग? ही चढण मला एकटीला चढवत नाही, हा उपयोग! तत्त्वज्ञान घरी जाऊन कर. आता पाय मार!"

आम्ही पुन्हा बसलो. पहिली दोन पायडलं जड गेली. मग तो जोर आला. खालून, चेनमधून, माझ्या तळपायांना कुणीतरी उचलून धरावं तसा. मी आयुष्यभर त्याला हा जोर देत आले होते आणि तो कसा लागतो हे मला आज कळत होतं. चढण आम्ही न उतरता चढलो.

वर पोचल्यावर मागून तो एकदम म्हणाला, "डोरीन, त्या फाटकापलीकडे तळं आहे?"

"पहिल्यापासून आहे."

"मला कधी दिसलं नव्हतं."

"तू समोर बघायचास."

"बदकं आहेत त्यात," राल्फ म्हणाला. आणि मग ऑर्लकोटपर्यंत त्याचं तोंड थांबलं नाही. हे घर कधी झालं, ती मेंढी लंगडतेय का, कुणाच्या दोरीवर किती मोठ्या चड्ड्या वाळतायत. इतकी बडबड मीही कधी केली नसेल.

परतलो तेव्हा चार कधीच वाजून गेले होते. घ्यायला आलेला माणूस आमच्या भिंतीवर बसला होता आणि अ‍ॅलिसन त्याची माफी मागून दमली होती. राल्फ कडेनं त्याच्याकडे बघत म्हणाला, "माफ करा हं, उगाच हेलपाटा पडला तुम्हाला. ही सायकल रिकामी नाहीये."

पुढचे तीन उन्हाळे ती रिकामी नव्हती.

राल्फ या फेब्रुवारीत गेला, झोपेतच. अ‍ॅलिसन महिनाभर थांबली, मग मायेनंच म्हणाली, "आई, आता तरी ती दे कुणाला. तुला एकटीला छान हलकी सायकल घेऊ."

"मला हलकी नको," मी म्हटलं.

मे महिन्यात एका रविवारी मी जोडसायकल बाहेर काढली. समोरच्या घरातली माणसं परत खिडकीत आली. बघा म्हटलं, पोटभर बघा. रस्ता तसाच अंगावर येत होता. खड्डा आला तेव्हा मी "खड्डा!" असं ओरडले आणि मग ओठ मिटून घेतले.

'तीन मेंढ्या'च्या बाहेर एक तरुण पोरगा बसला होता. मला बघून त्याचे डोळे चमकले. हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"ओ आजी! तुमच्या मागचा पायडल मारत नाहीये!"

त्याच्या शेजारच्या मुलीनं त्याला कोपर मारलं. मी मान वळवून पाहिलं. मागची पायडलं गोल गोल फिरत होती.

"मारतोय!" मी ओरडले. "मला पायांत कळतं!"

चढण निम्मी चढेपर्यंत मी उतरले नाही. मग पायांनी खरं काय ते सांगितलं. मी उतरले, एक हात हँडलवर आणि एक मागच्या सीटवर ठेवला, आणि ते लांबलचक धूड ढकलत वर नेलं. फाटकापाशी थांबून श्वास घेतला.

"बदकं आहेत," मी मोठ्यानं म्हटलं, आणि पुढच्या सीटवर बसले.