शेवटचं जुज

पुस्तकं बांधणाऱ्या त्या बाईला, म्हणजे गल्लीच्या बांधणीवालीला, गेली दोन वर्षं प्रत्येक काम तीनदा करायची सवय लागली होती. एकदा कामासाठी, एकदा फोनसाठी, आणि एकदा फोन चालूच झाला नव्हता म्हणून.

फोन नवऱ्याच्या हातात असायचा. त्यांना सगळे साहेब म्हणत. एका कचेरीच्या भांडारात तीस वर्षं कपाटांच्या किल्ल्या सांभाळून ते घरी बसले होते, आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे बायकोच्या दुकानात येऊन भिंतींचे फोटो काढायला लागले होते. भिंती संपल्यावर बायको. बायकोचे फोटो दोघांनाही आवडेनात, तेव्हा नुसते हात.

पण साहेबांची नुसती चेष्टा करून चालायचं नाही. त्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं होतं. जुनी पुस्तकं बांधून घ्यायला कुणी येईना. ती रोज सकाळी दुकान उघडून चिकटवायची खळ शिजवायची आणि संध्याकाळी भांडंभर खळ तशीच मोरीत ओतायची. एक दिवस तिने खळ शिजवलीच नाही. हात मांडीवर ठेवून दारात बसून राहिली. ते बघून साहेब बाजारात गेले आणि फोन उभा करायची तिपाई घेऊन आले. त्यांच्यापरीने ते प्रेमच होतं, फक्त त्याला तीन पाय होते.

आणि ते चाललं, हे कुणाला नाकारता येणार? हात दाभणात दोरा ओवतायत, हात पुठ्ठ्यावर कापड ताणतायत, एवढंच बघायला माणसं जमू लागली. आधी शंभर, मग हजार, मग मोजायचं काम साहेबांनी अंगावर घेतलं. लांबलांबून वह्यांची मागणी यायला लागली. खळ पुन्हा रोज शिजू लागली. फक्त आता तिची वाफ दिसायला हवी म्हणून भांडं खिडकीपाशी न्यायचं, आणि वाफ नीट दिसेपर्यंत खळ गार व्हायची.

"अगं, जरा सावकाश. लोकांना सावकाश आवडतं."

"मला सावकाशच येतं. तुम्हीच मग ते पळवता."

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला वाटायचं, आपण दिवसभर काम केलं की काम केल्याचं सोंग केलं? उत्तर सापडायच्या आत झोप लागायची, एवढं एक बरं होतं.

घड्याळजी आले ते अशाच एका दुपारी. गल्लीच्या टोकाला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, ते त्यांनी कधीच बंद केलं होतं. हातात दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा होता. शाळेतली पोरं वापरतात तशा अकरा पातळ वह्या, वरची कव्हरं काढून टाकलेली.

"ताई, हे एकत्र बांधून द्या. एकच पुस्तक."

त्यांची बायको मागच्या वर्षी गेली होती. घशाचं दुखणं. शेवटचे आठ महिने तिला बोलता येत नव्हतं, म्हणून जे काही सांगायचं ते ती वहीत लिहून दाखवायची. त्याच या वह्या. त्यांत तिचंच बोलणं होतं. घड्याळजींनी काय उत्तरं दिली ती कुठेच नव्हती, कारण ते तोंडाने बोलत होते.

"तारखा घातलेल्या नाहीत तिने," ते म्हणाले. "क्रम मी लावलाय. आठवून आठवून. वर आकडे घालू नका, तिच्या कागदावर दुसऱ्याचा हात नको. आणि ताई, जरा लवकर करा. हल्ली माझं डोकं घड्याळासारखं मागे पडायला लागलंय. मला आठवतंय तोवर बांधून टाका."

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तकाच्या शिवणीत कागदांचा जो एकेक घडी घातलेला जुडगा असतो, त्याला जुज म्हणतात. इथे एकेक वही म्हणजे एकेक जुज. अशी जुजं एकावर एक रचली की बांधणीवाली त्यांच्या पाठीवरून पेन्सिलीने एक तिरकी रेघ ओढायची, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक जुजावर त्या रेघेचा एक ठिपका पडतो. शिवताना एखादं जुज इकडचं तिकडे झालं, की रेघ तुटते आणि आंधळ्यालाही दिसते. नंतर वर खळ आणि कापड चढतं, रेघ आत जाते, कुणाला पत्ता लागत नाही. चाळीस वर्षांत तिने ही रेघ कधी चुकवली नव्हती. मजकूर वाचून क्रम लावायचा प्रश्नच नव्हता, कारण दुसऱ्याचं वाचायचं नाही, हा तिचा दुसरा नियम.

त्या दिवशी तिने पेन्सिल उचलली आणि साहेब तिपाईमागून म्हणाले, "ती रेघ नको गं. फार घाणेरडी दिसते. पांढऱ्या पाठी किती स्वच्छ दिसतायत बघ."

रोज अशा दहा गोष्टींवरून वाद घालायचा तिला कंटाळा आला होता. तिने पेन्सिल कानावर ठेवून दिली.

दोन जुजं शिवून झाली आणि फोनमधली जागा भरली. साहेब जुने व्हिडिओ पुसत बसले, बांधणीवाली नवा दोरा ओवत बसली. पुसता पुसता त्यांनी गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. सगळं निळ्या शाईत, एकच वही जांभळ्या शाईत होती. "हे उजेडात काय खुलतं!" असं म्हणून त्यांनी ती वर ठेवली. फोन सुरू झाला. "हं, चालू." तिने वरची वही उचलली आणि शिवली. हात सावकाश चालले होते, लोकांना आवडतात तसे.

तो व्हिडिओ त्याच संध्याकाळी लोकांसमोर गेला आणि आधीच्या सगळ्यांच्या पुढे गेला. 'बोलता न येणाऱ्या बायकोच्या वह्या' असं साहेबांनी वर लिहिलं होतं. माणसं रडली म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने पाठीला खळ लावली, पुठ्ठे बसवले, राखाडी कापड चढवलं. पुस्तक तयार.

तयार, पण द्यायचं नाही. साहेबांच्या डोक्यात आलं की पन्नास हजार फॉलोअर झाले की पुस्तक घड्याळजींच्या हातात देतानाचा व्हिडिओ करायचा. "फक्त चार दिवसांचा प्रश्न आहे." चार दिवसांचे चार महिने झाले. घड्याळजींचे सुरुवातीला दोन फोन आले. "होतंच आलंय," असं तिने सांगितलं, आणि सांगताना तिला लाज वाटली. मग फोन येईनासे झाले, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज तर आणखीच वाटली.

शेवटी पन्नास हजार झाले. घड्याळजींच्या सुनेला फोन करून दुपारी चारची वेळ ठरली. सकाळी साहेबांनी बायकोच्या हातात फोन दिला. "त्या व्हिडिओखालच्या कमेंट बघ आणि चांगल्या पाच निवड. पुस्तक देताना वाचून दाखवू. मी तोवर हार्डवेअरवाल्याकडून बल्ब आणतो."

तिने आजवर कमेंट कधी वाचल्या नव्हत्या. ती वाचत खाली खाली जात राहिली. किती सुंदर हात. डोळ्यांत पाणी आलं. हा दोरा कुठे मिळतो? काकू, बांगड्या का घालत नाही? आणि अगदी तळाशी, पहिल्याच संध्याकाळची, एक.

'ताई, जांभळ्या शाईचं जुज तिसऱ्या जागी शिवलं गेलंय. ते शेवटचं आहे. खळ लावायच्या आत बघा. वाचायला जड आहे, पण शेवटचं शेवटीच हवं. पुढे मला हे सांगता येईल न येईल. — घड्याळजी.'

त्याखाली साहेबांचं उत्तर होतं. 'मनापासून धन्यवाद! आमचे इतर व्हिडिओही नक्की बघा. असंच प्रेम राहू द्या.' धन्यवाद वाचून घड्याळजींना वाटलं असणार, निरोप पोचला.

तिने ते दोनदा वाचलं. मग फळीवरून पुस्तक काढलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचं वाचलं.

'निळं पेन संपलं, नातीचं घेतलंय,' असं जांभळ्या शाईत लिहिलं होतं. अक्षर वाकडंतिकडं. 'आता लिहवत नाही. मी निघते. रात्री गॅसचा खटका बघत जा. रडू नका, तुमचा चष्मा धुरकटतो आणि मग तुम्ही शर्टाला पुसता.'

पुढचं पान कोरं होतं. त्याच्यापुढे निळी शाई पुन्हा सुरू.

साहेब बल्ब घेऊन आले तेव्हा ती तशीच बसली होती. तिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"मी सगळ्यांना तेच पाठवायचो गं," ते म्हणाले. "वाचायला वेळच मिळायचा नाही."

"अख्खी रात्र हातात होती. दोरा ओढला असता तर सुटलं असतं."

"मग आता?"

"आता उसवायचं. कागद पातळ आहे, भोकं फाटतील कदाचित. पण उसवायचं. आज त्यांना खरं सांगते आणि दोन दिवस मागून घेते." मग तिपाईकडे न बघता म्हणाली, "आणि ते आत नेऊन ठेवा."

साहेबांनी तिपाई मिटली. एरवी त्यांना ती मिटता यायची नाही, त्या दिवशी आली.

चारला घड्याळजी आले ते सुनेचा हात धरून. चार महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. ते खुर्चीवर बसले आणि दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. सून हळूच म्हणाली, "मधे पडले होते. दवाखान्यातून आल्यापासून जरा... मला कधीकधी नर्स समजतात. आईंना हाका मारतात."

बांधणीवालीने सकाळपासून घोकलेली वाक्यं एकदम निरुपयोगी झाली. तरी पुस्तक तर द्यायलाच हवं होतं. तिने ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

अक्षर दिसताच घड्याळजी सरळ बसले. बोट एकेका ओळीखाली सरकू लागलं, काटा सरकावा तसं, हलकं. 'डॉक्टर म्हणतात बोलायचं नाही. चला, तुम्ही सुटलात.' यावर ते हसले. पानं उलटत गेली, मग जांभळी शाई आली. बोट थांबलं. ओठ हलत राहिले. चष्मा धुरकटला, तो त्यांनी शर्टाला पुसला.

तिला राहवेना. "घड्याळजी, माझ्याकडून चूक झालीय. हे जुज शेवटचं. मी ते भलत्या जागी शिवलं. दोन दिवस द्या, नीट करून देते."

"कुठलं शेवटचं?"

"हेच. तुमच्या हातातलं."

त्यांनी पान उलटलं, कोरं पानही उलटलं, आणि पुढची निळी ओळ मोठ्याने वाचली. "'छत्रीची काडी तुटलीय, दुरुस्तीला टाका. येताना टोमॅटो आणा, पण दाबून बघून.'" मग त्यांनी वर पाहिलं. उलटी किल्ली दिलेलं घड्याळ घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला समजवावं, तसे समजुतीने म्हणाले, "शेवटचं कसं असेल, ताई? जाणारं माणूस टोमॅटो दाबून आणायला सांगतं का?"

त्यांनी बोटाने टोमॅटोची ओळ पुन्हा दाखवली.

"तिला सवयच आहे ती. जाते, जाते म्हणायची. लग्न झाल्यापासून ऐकतोय." ते सुनेकडे वळले. "छत्री टाकलीस का गं दुरुस्तीला?"

"टाकली, बाबा."

"बघा."

बांधणीवालीने पुस्तक परत घ्यायला हात पुढे केला होता. एक कड तिच्या हातात, एक त्यांच्या. एका घड्याळजींनी लिहून ठेवलं होतं, शेवटचं शेवटीच हवं. दुसरे घड्याळजी समोर बसून पुढची पानं शोधत होते, आणि पुढे अजून आठ वह्या होत्या. कुणाचं ऐकायचं? तिने हात सोडला. ही दया होती की नुसता थकवा, हे तिला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

ते गेल्यावर साहेबांनी न सांगता चहा केला. दोघांनी तो प्यायला. मग तिने फोन मागून घेतला, ती तळाशी गेलेली कमेंट शोधून काढली, आणि खळीने चिकट झालेल्या बोटाने एकेक अक्षर शोधत त्याखाली लिहिलं. 'तुमचं बरोबर होतं. चूक माझी. बांधणीवाली.'

घड्याळजी आता तिथे बघायला येणार नव्हते, हे तिला माहीत होतं. मिनिटभरात कुणा अनोळखी माणसाने त्याखाली लाल बदाम टाकला.

तिने फोन पालथा ठेवला. टेबलावर उद्याच्या वह्यांची जुजं रचलेली होती. कानावरची पेन्सिल काढून तिने त्यांच्या पाठीवरून रेघ ओढली, जाड, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. साहेब बघत होते. मग त्यांनी सकाळी आणलेला बल्ब टेबलावर लावून दिला.