थंड डब्यातला ऊद

सात वेळा पृथ्वीला फेरा मारलेला गडी बोलतोय, जरा अदबीनं ऐका! म्हणजे, फेरा आडवा पडून मारला. बोटीवर असताना माझ्या छाताडावर आणखी तीन डबे, आणि रस्त्यावर मी ट्रेलरच्या पाठीवर. स्वतःच्या पायानं मी वीतभरही चाललेलो नाही. पाय असते तर पहिल्याच वर्षी पळून गेलो असतो.

मी चाळीस फुटी थंड कंटेनर. जन्म चीनचा, अंगावरचा नंबर इंग्रजीत, आणि मुक्काम माळशिरस तालुक्यात. शाळा म्हणाल तर आकड्यांपुरती झाली. उणे अठरा म्हणजे गोठलेली मासळी, साडेतेरा म्हणजे केळी. अक्षरांच्या वर्गात मी गेलोच नाही. पण मला येतं तेवढंसुद्धा माणसांना येत नाही, हे माझं जुनं दुखणं.

माणूस मला फ्रीज समजतो. उन्हात तापलेला माल आत कोंबतो आणि तासाभरानं विचारतो, "गार झाला का?" अरे बाबा, मी गार करत नाही, गार असलेलं गार ठेवतो! निजलेलं पोर सांभाळणारी मी मावशी; रडतं पोर माझ्या मांडीवर टाकून कशाला जाता? भरताना दोन्ही दारं सताड उघडी टाकतात, आत उभं राहून फोटो काढतात, वर म्हणतात, "एसी लई भारी हाय की!" चौदा वर्षं हेच ऐकतोय.

मग मीही त्यांची फिरकी घेतो. ड्रायव्हरनं ढाब्यावर चहाचा पहिला घोट घेतला रे घेतला, की लाल दिवा लावून किंचाळायचं. तो बिचारा कप टाकून धावत येतो, बघतो तर सगळं ठीक! या भागातल्या खेपांना माझा ठरलेला ड्रायव्हर तिप्पण्णा, अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा. पहिल्या वर्षी धावायचा. दुसऱ्या वर्षी चालत यायला लागला. पुढं पुढं तर कप हातात घेऊनच यायचा, माझ्या गालावर एक चापट ठेवून द्यायचा, "सुम्निरो, नाटक्या! गप बस!" म्हणायचा आणि बटण दाबून माझं तोंड बंद करायचा. एवढी चांगली करमणूक आणि कौतुक काडीचं नाही.

आता दोन वर्षांमागची गोष्ट सांगतो, म्हणजे खरी डोकेदुखी कुणाची ते तुम्हालाच कळेल.

माळशिरसकडच्या केळीवाल्यांचा एक गट. तीन वर्षं खेटे घातल्यावर दुबईच्या एका व्यापाऱ्यानं त्यांचा एक कंटेनर घ्यायचं कबूल केलं. अट एकच, माल हिरवागार उतरला पाहिजे. पिवळा दिसला तर सगळा उकिरड्यावर, आणि पुन्हा या गटाचं नाव काढायचं नाही. त्या कंटेनरात निम्मी केळी बजाबाईची. साठीची बाई, उभा जन्म बाजारात पाटीवर केळी विकली. तिचं फळ कुणाचं म्हणून कुणी विचारलं नाही. आता तिच्या प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टी होती, हमाल मोठ्यानं वाचत होते, 'बजाबाई, माळशिरस'. ती चिकटवताना हरेक खोक्यावरून ती असा हात फिरवत होती, जसं काही पोराला भांग पाडतेय.

गटाच्या पॅकहाऊसचा, म्हणजे केळी खोक्यांत भरायच्या शेडचा, मॅनेजर उदयसिंह. चांगला शिकलेला. मला चालवायचं जाडजूड पुस्तक त्यानं इंग्रजीतून वाचलेलं, म्हणजे चाळलेलं. माल भरून झाला आणि गावातला पहिला कंटेनर म्हणून पूजा निघाली. दारावर कुंकवाचा टिळा, वर झेंडूचा हार, नारळ फुटला. बजाबाई हमालांसाठी ताक आणायला घरी गेली होती. तेवढ्यात उदयसिंहाच्या मनात आलं, पूजा आतूनही झाली पाहिजे. धुपाटण्यात पेटती गोवरी, वर मूठभर ऊद, आणि स्वारी आत, दाराशी उरलेल्या माणूसभर जागेत! दार ओढून घेतलं, धूर खोक्यांवरून फिरवला, फोटो काढला, खोकत बाहेर आला. मग दार लागलं, सील लागलं.

माझा पंखा सुरू झाला. आणि तो धूर मी स्वतःच, माझ्याच पंख्यानं, एकेका खोक्याच्या भोकातून आत पोचवू लागलो. सांगा, हे दुःख कुणाला सांगायचं?

बजाबाई कळशी घेऊन आली. उदयसिंहाच्या हातातलं धुपाटणं तिनं बघितलं, मग त्याच्या सदऱ्याचा वास घेतला.

"उदयसिंग, ह्ये आत नेलंतंस व्हय?"

"व्हय काकू. एकदम पद्धतशीर पूजा केली. फोटो बघा की!"

"आरं मुडद्या! तीस वर्सं सासरी खोलीत गोवरीचा धूर कोंडूनच केळी पिकवली मी. हिरवा घड आत ठिवायचा, धूर करायचा, दार लिपायचं, अन् दोन दिसात पिवळा!"

"काकू, ते जुनं झालं. आता कोल्ड चेन आहे."

"केळीला ठावं हाय का त्ये?"

बजाबाई दाराकडं वळली. "उगड ह्ये."

"सील लागलंय काकू. तोडलं तर कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. बोट चुकली की आपला नंबर गेला."

बजाबाईनं सीलवर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली. आपलं नाव आत कोंडलंय आणि बाहेर काढता येत नाही, असं तिचं तोंड झालं. मला बघवेना. मी लाल दिवा लावला आणि जन्मात किंचाळलो नव्हतो असा किंचाळलो.

तिप्पण्णा आला. चापट. "सुम्निरो!" बटण.

मी पुन्हा किंचाळलो. चापट. तिसऱ्यांदा किंचाळलो, तेव्हा त्यानं चप्पल काढली. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि मार खात होतो!

"थांब रं तिप्पण्णा," बजाबाई म्हणाली. "ह्याला नाक हाय का कुटं? वारं आतबाहेर व्हायला?"

उदयसिंह हसला. तिप्पण्णाचा चपलेचा हात मात्र हवेतच राहिला.

"हाय की अव्वा! फुडं झडप हाय. मागच्या खेपेला मासळी हुती, बर्फागत गोठल्याली. तिला वारं लागत न्हाय म्हनून मीच बंद केलतो."

केळी श्वास घेतात, मेलेली मासळी घेत नाही, एवढाच काय तो फरक. आणि तो माझं पुस्तक वाचणाऱ्याच्याही ध्यानात नव्हता. तिप्पण्णा शिडी लावून चढला, झडप पूर्ण फिरवली. उदाचा भपका बाहेर आला. उदयसिंह सारखा घड्याळ बघत होता आणि बजाबाई शिडीवर चढून झडपेला नाक लावून होती. पाऊण तासानं म्हणाली, "आता जा. झडप मिटू नगंस."

आठवड्यानं तिकडून फोटो आला. केळी हिरवीगार! दाराजवळची अकरा खोकी तेवढी पिवळी पडली होती. ती व्यापाऱ्याच्या नजरेला पडायच्या आत तिथल्या हमालांनी खाल्ली आणि गोड आहेत म्हणून निरोप धाडला. बजाबाईनं तो निरोप अख्ख्या गल्लीला ऐकवला.

पुढं बोटवाल्यांनी मला म्हातारा ठरवून काढून टाकलं आणि या गटानंच विकत घेतलं. आता मी पॅकहाऊसच्या मागं विटांवर बसलोय. रोजची केळी एक रात्र माझ्या पोटात असतात, सकाळी कुणा जवान कंटेनरात बसून समुद्राला जातात. मी बघत बसतो. उदयसिंह पाहुण्यांना माझ्यासमोर आणून सांगतो, "ह्याची झडप उघडायची आयडिया माझी." तिप्पण्णा सांगतो, माझी. माझं नाव कुणीच घेत नाही!

म्हणून काल बजाबाई जेवणाचा डबा ठेवायला आली तेव्हा दिवा लावून मी जरा किंचाळलो. तिला माझं बोलणं कळतं. ती शेळ्यांशी बोलते, मोटारीशी बोलते, माझ्याशीही बोलते. म्हटलं, बाई, निदान तू तरी सांग, त्या दिवशी जीव तोडून कोण ओरडलं? तुझं नाव कुणी वाचवलं? एक हार तरी घाल.

बजाबाईनं कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"व्हय रं व्हय, तू लई शाना. सील लागल्यावर तीनदा बोंबललास. आन धुपाटनं आत येत हुतं, दार सताड उगडं हुतं, तवा कुंकवाचा टिळा मिरवत गप का बसलातास?"